पाना-पक्कड : वाकणारा अ‍ॅक्सल, घसरणारं पेडल आणि पावसानं खाल्लेलं बेअरिंग

या खेपेची पत्रं जवळजवळ सगळी मागच्या चाकाची आहेत. पावसाळा सरला की दरवर्षी असंच होतं. पुढचं चाक नुसतं फिरतं. मागच्याला वजन, पायाची ताकद, चिखल आणि चेनचा ओढा असं सगळंच सोसावं लागतं. कॅरिअर, दिवे आणि पंप यांच्याबद्दल ज्यांनी विचारलंय त्यांनी पुढच्या अंकापर्यंत दम धरावा. आजची जागा हबची, म्हणजे चाकाच्या मधोमध आसावर फिरणाऱ्या, तारा धरणाऱ्या तुंब्याची.

प्रश्न : मी कराडला बँकेत आहे. वजन 92 किलो. 29 इंची चाकांची, डिस्क ब्रेकची, 3×7 (पुढं तीन, मागं सात चकत्या) गिअरची डोंगरी सायकल आहे. रविवारी आगाशिव नाहीतर सदाशिवगडाच्या पायथ्याला, जिथवर चाक जाईल तिथवर जातो. मागचा अ‍ॅक्सल दोनदा वाकला, दोन्ही वेळा गिअरच्या बाजूला. दुकानदार नवा अ‍ॅक्सल टाकून देतो आणि म्हणतो, ‘साहेब, आधी वजन कमी करा.’ टिकाऊ हब घ्यायचं तर कुठलं घेऊ? सायकलीच्या किमतीच्या निम्म्याच्या वर खर्च जायला नको.

उत्तर : वजनाचं डॉक्टर बघतील, ते दुकानदाराचं खातं नाही. 92 किलोचा माणूस चांगल्या हबला काही जड नसतो. तुमच्या अ‍ॅक्सलचं दुखणं हबच्या रचनेत आहे आणि नवा अ‍ॅक्सल टाकून ते बरं होणार नाही. तिसराही वाकेल.

तुमच्या चाकावर सात दातेरी चकत्यांचं फ्रीव्हील आहे. ते अख्खंच्या अख्खं हबच्या कवचावर आट्यांनी चढवलेलं असतं. आता त्या सात चकत्यांना जागा हवी, म्हणून उजवीकडचे छर्रे चकत्यांच्या आतल्या अंगाला, म्हणजे चाकाच्या मध्याकडे सरकवावे लागतात. तिथून फ्रेमच्या खाचेपर्यंत साडेतीन-चार सेंटिमीटर अ‍ॅक्सल अधांतरी. जाडी 10 मिलिमीटर, आणि क्विक रिलीजची, म्हणजे चाक हातानंच आवळता-काढता यावं म्हणून असलेली, सळई जायला मधून पोकळ. दगडावरून मागचं चाक आपटलं की सगळा भार नेमका त्या अधांतरी तुकड्यावर येतो. डावीकडे छर्रे खाचेजवळच असतात, म्हणून डावी बाजू शाबूत राहते.

यावरचा उपाय जुनाच आहे. शिमानो या जपानी कंपनीनं 1978 मध्ये फ्रीहब बाजारात आणलं. त्यात फ्रीव्हीलच्या पोटातले कुत्रे, म्हणजे एका बाजूला अडकणारे आणि दुसऱ्या बाजूला घसरणारे खटके, हबच्याच अंगात घेतले. चकत्यांचा संच, म्हणजे कॅसेट, वरून नुसता सरकवायचा आणि रिंगनं आवळायचा. मुख्य फायदा असा की उजवीकडचे छर्रे फ्रीहबच्या पार बाहेरच्या टोकाला नेता आले. अधांतरी भाग सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरवर आला. तेव्हा तुम्हाला हवंय ते कॅसेटचं हब. फ्रीव्हीलचं हब कितीही भारी घेतलंत तरी तो चार सेंटिमीटरचा तुकडा तसाच राहणार.

पण पैसे मोजण्याआधी एक गोष्ट तपासा. वाकलेला अ‍ॅक्सल दुकानदारानं फेकला नसेल तर मागून घ्या. टेबलाच्या काचेवर ठेवून हातानं लाटा आणि पलीकडून टॉर्च मारा. वाक असेल तिथली फट उघडझाप करते, उजेड मिचमिचतो. ती उघडझाप उजव्या कोनाच्या, म्हणजे छर्र्यांना दाबून धरणाऱ्या निमुळत्या नटाच्या, लगेच बाहेर असेल तर वर सांगितलं तेच कारण. पण दोन्ही टोकांना असेल, तर फ्रेमच्या मागच्या दोन खाचा एकमेकींना समांतर नाहीत. अशा फ्रेममध्ये क्विक रिलीज आवळला की तोच अ‍ॅक्सलला वाकवतो, तुम्ही सायकलीवर बसायच्या आधीच. हे बघायला चाक काढा, प्रत्येक खाचेत 10 एमएमचा आट्याचा रॉड दोन नटांनी घट्ट बसवा, दोन्ही रॉडांची टोकं मध्यावर समोरासमोर येतात का पाहा. उद्यमनगरात लेथवर उमेदवारी केल्यापासून माझा अशा तपासणीवर यंत्रापेक्षा जास्त विश्वास आहे. फ्रेम अ‍ॅल्युमिनियमची असेल आणि टोकं चुकत असतील, तर पाईप घालून वाकवायला कुणाला देऊ नका. तडा जातो, आणि तो लगेच दिसतही नाही.

खाचा ठीक असतील तर त्यांच्या आतल्या अंगांमधलं अंतर मोजा. क्विक रिलीजच्या डोंगरी सायकलीला ते 135 मिलिमीटर असतं. रिमची भोकं मोजा, बहुतेक 32 निघतील; मग हबही 32 चंच. ब्रेकची चकती सहा स्क्रूंवर आहे की मधल्या एकाच मोठ्या रिंगवर, तेही बघून ठेवा.

आता ताकदीचा हिशोब, म्हणजे काय घ्यायचं ते कळेल. तुम्ही चढावर पेडलवर पूर्ण उभे राहिलात आणि क्रँक 170 मिलिमीटरचा आहे, तर क्रँकच्या आसावर साधारण 153 न्यूटन-मीटर पीळ येतो. पुढं 24 दात्यांची चकती, मागं 34 ची. हबपर्यंत जाईतो तो पीळ 217 होतो. 1200 सीसीच्या छोट्या मोटारीचं इंजिन 110-115 च्या घरात देतं. (मोटारीला पुढं गिअरबॉक्स असतो हे मला ठाऊक आहे, पत्रं पाठवू नका.) हबच्या आत कुत्रे ज्या दातेरी कड्यात अडकतात, तिची त्रिज्या दीड सेंटिमीटरच्या आसपास. म्हणजे त्या क्षणी कुत्र्यांच्या टोकांवर मिळून जवळपास दीड टनाचा भार असतो. दोनच कुत्रे असले तर प्रत्येकी पाऊण टन. टोक नखाच्या कडेएवढं. म्हणून हब निवडताना रंग आणि वजन यांच्या आधी मी कुत्र्यांची जाडी बघतो, कडं पोलादी आहे का बघतो, आणि या सुट्या वस्तू नंतर मिळतात का ते विचारतो.

सुटे छर्रे की कार्ट्रिज (छर्रे आतच बंद असलेलं तयार बेअरिंग), हा तुमचा पुढचा प्रश्न असणार. शिमानोची बरीचशी हबं अजून वाटी-कोनाची आहेत: मागच्या चाकाला दर बाजूला पाव इंची नऊ छर्रे, वाटीत बसवलेले, कोनानं आवळलेले. बाजूनं येणारा दाब ही रचना फार छान पेलते. छर्रे कुठल्याही गावात मिळतात, 15 आणि 17 चे पातळ पाने असले की घरी उघडता येतं. खोट एकच. वाटी हबच्या अंगात दाबून बसवलेली असते. कोन ढिला राहून वाटीला खड्डे पडले की हब गेलं. कोन बदलता येतो, वाटी नाही. कार्ट्रिजमध्ये उलट आहे. बेअरिंग खराब झालं की ठोकून काढा, नवं दाबा, कवच तसंच राहतं. पण स्वस्तातल्या कवचाची बैठकच ढिली असते. बेअरिंग हातानं आत जातंय असं हब मी तरी घेणार नाही. ते आत फिरायला लागतं आणि कवच खाऊन टाकतं.

तुम्ही वर्षातून दोनदा हब उघडणार असाल, किंवा उघडणारा माणूस कराडात असेल, तर शिमानोचं डिओर दर्जाचं वाटी-कोनाचं हब घ्या. तुमच्या खर्चात बसेल आणि तुमच्या वजनाला पुरून उरेल. ‘मला उघडायचं नाही, नुसतं चालवायचंय’ असं असेल तर चार बेअरिंगांचं तैवानी कार्ट्रिज हब बघा. नोव्हाटेकसारख्यांची पुष्कळ मिळतात. त्यात फ्रीहबचं अंग पोलादी असेल तर उत्तम. अ‍ॅल्युमिनियमचं असेल तर निदान त्यावर पोलादी पट्टी बसवलेली हवी. नाहीतर कॅसेटच्या सुट्या चकत्या त्यात खाचा पाडतात आणि वर्षभरानं कॅसेट निघता निघत नाही. शंभर ग्रॅम जास्त वजनानं तुम्हाला काही फरक पडणार नाही.

सात गिअरची कॅसेट घेतलीत तर तुमचा गिअरचा खटका तसाच चालतो. फक्त आठ-नऊ-दहासाठीच्या फ्रीहबवर आधी साडेचार मिलिमीटरची रिंग टाकावी लागते, नाहीतर कॅसेट हलते. रिम सरळ असेल तर तीच वापरा. तारा मात्र नव्या घाला. नव्या हबच्या कडेचा व्यास वेगळा, म्हणून लांबीही वेगळी येते. 29 इंचीला ती 290 मिलिमीटरच्या आसपास असते, पण ‘आसपास’वर तारा विकत घेऊ नका, हब हातात आल्यावरच हिशोब करून घ्या. आणि जुनं फ्रीव्हील काढताना त्याचा दातेरी पाना बाकावरच्या व्हाइसमध्ये धरून अख्खं चाक स्टिअरिंग धरल्यागत फिरवा. तुमच्या पायांनी ते इतकं आवळलंय की हातातल्या पान्यानं हलायचं नाही.

प्रश्न : ऑनलाइन एक हब दिसतंय. ‘सहा कुत्रे, 120 क्लिक, सील्ड बेअरिंग’ असं लिहिलंय. कंपनीचं नाव ऐकलेलं नाही, पण किंमत नामांकित हबच्या पाव आहे. टिकेल का? — नाशिक

उत्तर : क्लिक म्हणजे एका फेरीत कुत्रे किती ठिकाणी पकडतात तो आकडा; त्यावरून टिकाऊपणा कळत नाही. कड्यातल्या दात्यांची संख्या वाढली की प्रत्येक दाता लहान होतो, आणि लहान दात्याला माती, जाड ग्रीस, किंचित वाकडा अ‍ॅक्सल काहीच खपत नाही. नीट कापलेल्या, नीट पाणी दिलेल्या पोलादात 120 क्लिक खुशाल चालतात. पाव किमतीत तसं पोलाद मिळणं अवघड.

मागवलंच तर परत करायची मुदत असेतो एवढं करा. फ्रीहबच्या अंगाला लोहचुंबक लावा. चिकटला तर पोलादी. एंड कॅप, म्हणजे हबच्या टोकाचं झाकण, काढून बेअरिंगवरचा नंबर वाचा. नंबर आणि ‘2आरएस’ (दोन्ही बाजूंना रबरी सील) कोरलेलं नसेल तर बदलायला बेअरिंग कुठून आणाल? अ‍ॅक्सल दोन बोटांत धरून अगदी हळू फिरवा. गुळगुळीत फिरायला हवा, मधेच खाच लागल्यागत अडायला नको. शेवटी विक्रेत्याला लिहून विचारा की सुटे कुत्रे आणि स्प्रिंगा मिळतील का. उत्तर आलं नाही तर तेच उत्तर समजा.

प्रश्न : काका, मी ठाण्याला कॉलेजात आहे. येऊरला सायकल नेते. 1×11 गिअर आहेत, पुढं 32 दाते, मागं 11 ते 50. सर्व्हिसिंग करून आणल्यापासून चढावर उभं राहून जोर लावला की पेडल एकदम खाली जातं. मागच्या आठवड्यात गुडघा हँडलला आपटला. मेकॅनिक म्हणतो चेन बदल. मैत्रीण म्हणते हबच बदल, तिच्यासारखं जोरात वाजणारं घे, ते लगेच पकडतं. कुणाचं ऐकू?

उत्तर : सध्या तरी कुणाचंच नको, आणि दुरुस्त होईपर्यंत उभं राहून जोर लावू नकोस. गुडघ्यावर निभावलं, दात जाऊ शकतात.

आधी हे बघ की पेडल कुठल्या गिअरवर घसरतं. एका-दोन चकत्यांवरच घसरत असेल तर चेन किंवा त्या चकत्या झिजल्यात. पोलादी पट्टीनं चेन मोज. नव्या चेनचे बारा जोड नेमके 12 इंच भरतात. 11 गिअरच्या चेनला एक सोळांश इंच वाढ दिसली की ती बदलायची. एक अष्टमांश वाढली असेल तर कॅसेटही गेली म्हणून समज. पण सगळ्याच चकत्यांवर, ‘खट्’ आवाज करून पेडल थेट खाली जात असेल, तर दोष हबच्या पोटात आहे. सर्व्हिसिंगनंतर सुरू झालं असं तू लिहितेस, त्यावरून माझा संशय ग्रीसवर आहे. बेअरिंगला लावायचं घट्ट ग्रीस कुणीतरी कुत्र्यांवरही थापलंय. कुत्रा ज्या स्प्रिंगनं वर उठतो ती केसाएवढी बारीक. घट्ट ग्रीसमध्ये तो अर्धाच उठतो, दात्याच्या टोकावर टेकतो, आणि जोर आला की सटकतो.

तुझं हब कार्ट्रिजचं असेल तर उघडणं अवघड नाही. चाक काढ, कॅसेट उतरव. बऱ्याच हबांची एंड कॅप हातानं किंवा फडक्यात धरून ओढली की निघते आणि मागोमाग फ्रीहबचं अंग सुटून येतं. हे काम परातीत कर. स्प्रिंग उडाली तर परातीत सापडते, फरशीवर नाही. रॉकेल आणि जुना ब्रश घेऊन सगळं ग्रीस धुऊन काढ, कोरडं पूस. मग एकेक कुत्रा उजेडात धरून बघ. त्याची पकडायची कड चाकूच्या पात्यासारखी सरळ आणि धारदार हवी. कडेवर चकाकणारी गोलाई दिसली, तर तो घसरून घसरून झिजलाय, पूर्ण संच बदल. कड्यातले दातेही तसेच बघ. कुत्रे बदलता येतात, पण कडं झिजलं असेल तर स्वस्त हबात ते वेगळं मिळत नाही, आणि तेव्हा मात्र मैत्रिणीचं म्हणणं खरं. सगळं शाबूत असेल तर कुत्र्यांना पातळ तेलाचे चार थेंब किंवा फ्रीहबसाठीचं खास पातळ ग्रीस, नुसता हात फिरवल्याइतकं. परत बसवलंस की प्रत्येक कुत्रा बोटानं दाबून सोड. टकदिशी वर आला पाहिजे. कॅसेटची रिंग मात्र घट्ट आवळ. त्यावरच 40 न्यूटन-मीटर लिहिलेलं असतं, म्हणजे फूटभर पान्यावर बऱ्यापैकी जोर.

आता आवाजाचं. आवाज स्प्रिंगच्या ताकदीचा, कवचाच्या आकाराचा आणि आत ग्रीस किती आहे याचा असतो. कोरडं पडलेलं हब सगळ्यात जास्त वाजतं. लगेच पकडणं ही वेगळी गोष्ट, आणि ती मोजता येते. कड्यात 36 ठिकाणी पकड असेल तर दोन पकडींमध्ये चाकाचे 10 अंश. तू 50 च्या चकतीवर असताना पुढं 32, म्हणून पेडलला तेच अंतर जास्तीत जास्त साडेपंधरा अंश पडतं. 18 ठिकाणी पकड असेल तर 31 अंश. दगडांच्या पायरीवर अर्धं पेडल मागं घेऊन पुन्हा मारायचं असतं तेव्हा हे 31 अंश चांगलेच जाणवतात, साडेपंधरा फारसे जाणवत नाहीत. त्याच्या पुढं आकडे कुठवर जातात बघ: इंग्लंडातल्या बार्नोल्ड्सविक गावातल्या होप कंपनीचं जुनं प्रो 4 हब 44 चं, ऑरेगनमधल्या क्रिस किंगचं 72 चं, आणि नॉर्थ कॅरोलिनातल्या इंडस्ट्री नाइनचं हायड्रा तब्बल 690 चं, म्हणजे अर्धा अंश. हौस म्हणून सुरेख कारागिरी आहे. येऊरला 36 ते 44 भरपूर.

पुढंमागं हब घ्यायची वेळ आली तर कुत्र्यांचं नसलेलंही एक बघून ठेव. डीटी या स्विस कंपनीच्या 350 हबात कुत्रेच नाहीत. दोन दातेरी चकत्या समोरासमोर, मागून स्प्रिंगा. पकडतात तेव्हा सगळे दाते एकदम पकडतात, त्यामुळे भार सगळ्यांत वाटला जातो. 18, 36 आणि 54 दात्यांच्या चकत्या अदलाबदल करता येतात. मी लोकांना 36 च्या सांगतो. उघडायला हत्यारसुद्धा लागत नाही, आणि माझ्या मते टिकाऊ हबाची ही पहिली खूण: जे सहज उघडतं ते साफ होतं. किंमत आत्ताच्या हबाच्या कितीतरी पट, म्हणून घाई नको. आणखी एक, पुढं कधी 12 गिअर घेणार असशील तर 10 दात्यांच्या लहान चकतीला तुझं आत्ताचं फ्रीहब चालत नाही. शिमानोचं त्यासाठीचं मायक्रो स्प्लाइन 2018 मध्ये आलं, स्राम या दुसऱ्या कंपनीचं एक्सडी वेगळं. ज्या हबाचं फ्रीहब बदलून मिळतं तेच घे.

प्रश्न : सावंतवाडीत राहतो, आंबोलीपर्यंत आणि आसपासच्या कच्च्या वाटांवर पावसातही चालवतो. कार्ट्रिज हब आहे. प्रत्येक फेरीनंतर गाडी धुवायच्या सेंटरवर पंपानं स्वच्छ धुतो, तरी एका पावसाळ्यात बेअरिंग खरखरतं. हब हलक्या प्रतीचं आहे का?

उत्तर : हबापेक्षा आधी तो पंप बघू. गाडी धुवायचा पंप मोटारीच्या चाकांसाठी असतो. सायकलीच्या बेअरिंगवरचं रबरी सील मिलिमीटरभरसुद्धा जाड नसतं, ते पावसाचं पाणी आणि शिंतोडे अडवतं, नळीतून येणारा झोत नाही. झोत बाजूनं बसला की सील आत दबतं, पाणी आणि जांभ्याची लाल माती दोन्ही आत जातात, झोत हटला की सील पुन्हा बंद. आत गेलेलं आतच राहतं. जांभ्याची माती दिसायला मऊ, पण ग्रीसमध्ये कालवली की घासायची पेस्ट होते. तुमच्याकडे हवेत खारही आहेच, त्यामुळे चार दिवस सायकल उभी राहिली तरी गंज चढतो.

बादली, मऊ ब्रश आणि नळाचं साधं पाणी, तेही वरून ओतायचं, बाजूनं हबवर मारायचं नाही. धुतल्यावर क्विक रिलीजची सळई काढून चाक उभं धरा, पोकळीतलं पाणी वाहून जाईल. सळई पुसून, हलकं ग्रीस लावून परत घाला. पावसाळ्यात महिन्यातून एकदा एंड कॅपा काढून बेअरिंगचं सील ब्लेडच्या टोकानं आतल्या कडेनं अलगद उचला. ग्रीस चहाच्या रंगाचं झालं असेल तर पाणी शिरलंय. रॉकेलनं धुवा, पूर्ण वाळू द्या, मग जलरोधक ग्रीस भरा, जागेच्या दोन तृतीयांशापर्यंत. कोरड्या मुलखात कमी भरतात, तुमच्याकडे थोडं जास्तच बरं. फिरायला किंचित जड वाटलं तरी चालेल. बाहेरून, सील आणि एंड कॅप यांच्यामधल्या फटीतही ग्रीसची वर्तुळाकार कड ठेवा. चिखल तिथं अडतो आणि फडक्यानं पुसून टाकता येतो.

मागच्या हबातलं ग्रीस हा डोंगरी सायकलीचा अगदी जन्मापासूनचा विषय आहे. कॅलिफोर्नियात मरीन काउंटीतली पोरं 1976 च्या सुमारास जुन्या जाड टायरांच्या सायकली घेऊन डोंगरउतारावर शर्यती लावायची. ब्रेक मागच्या हबातच, पेडल उलटं मारायचं. खाली पोचेतो हब इतकं तापायचं की ग्रीस धूर होऊन जायचं आणि दर उतारानंतर हब उघडून नवं ग्रीस भरावं लागायचं. तुमचं दुखणं पाण्याचं, त्यांचं आगीचं, पण उघडून ग्रीस भरण्याला त्यांनी कंटाळा केला नाही.

खरखर एकदा सुरू झाली की ग्रीसनं ती जात नाही, बेअरिंग बदला. नंबर वाचून बेअरिंगच्या दुकानात जा, सायकलीच्याच दुकानात जायला हवं असं नाही. 6000 आणि 6001 कुठल्याही तालुक्याला मिळतील. 6902 पातळ अंगाचं, ते बहुधा कोल्हापूर-बेळगावहून मागवावं लागेल. शेवटी ‘2आरएस’ म्हणजे दोन्ही बाजूंना रबरी सील. ‘झेडझेड’ पत्र्याचं, ते तुमच्या पावसात घेऊ नका. बसवताना हातोडी आतल्या कड्यावर मारू नका. बाहेरच्या कड्याच्या मापाचा पान्याचा सॉकेट ठेवून, लांब बोल्ट आणि नटानं दाबत न्या. आतल्या कड्यावर पडलेला एक घाव छर्र्यांच्या वाटेला खड्डा पाडतो आणि नवं बेअरिंग पहिल्याच दिवशी खरखरतं.

नवं हब घ्यायची वेळ आलीच तर सीलबंद बेअरिंगाच्या बाहेर आणखी एक रबरी ओठ किंवा वळणावळणाची फट असलेली एंड कॅप बघा. विक्रेता दोन्ही काढून दाखवायला तयार नसेल तर दुसरं दुकान बघा.

प्रश्न : पुण्यात नवी फ्रेम घेतोय, मागं 12 एमएम थ्रू अ‍ॅक्सल आहे. जुन्या 135 च्या क्विक रिलीज सायकलीचं चांगलं हब त्यात बसेल का?

उत्तर : थ्रू अ‍ॅक्सल म्हणजे हबातून आरपार जाऊन थेट फ्रेममध्ये आवळला जाणारा जाड दांडा. फ्रेमच्या मागच्या दोन अंगांमधलं अंतर 142 मिलिमीटर आहे की 148, त्यावर आहे. 142 ला बसू शकतं. त्यातली साडेतीन-साडेतीन मिलिमीटर दोन्ही बाजूंच्या फ्रेमच्या खोबणीत जातात, हबाचं मधलं अंग 135 चंच राहतं. होपचं प्रो 4 किंवा डीटीचं 350 असेल तर नुसत्या एंड कॅपा बदलून काम होतं. शिमानोचं वाटी-कोनाचं क्विक रिलीज हब असेल तर त्याचा अ‍ॅक्सलच 10 एमएमचा, ते होत नाही. 148 म्हणजे बूस्ट असेल तर हबाच्या कडाच दोन्ही बाजूंना तीन-तीन मिलिमीटर बाहेर असतात, डिस्कही तेवढीच सरकलेली असते. वॉशर घालून जमवणारे भेटतील, पण चेनची रेघ आणि डिस्क दोन्ही चुकतात. त्यापेक्षा जुनं चाक विकून टाका आणि 148 चंच हब घ्या. फ्रेमवर आकडा छापलेला नसेल तर मागच्या दोन अंगांमधलं अंतर व्हर्नियरनं मोजा, मग दुकानात जा.